काकांना न उठवता

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही कायम मुका असतो. कान तपासून घ्यायला आलेली माणसं आपापल्या कानाच्या मापाने आवाज वाढवत नेतात आणि मग आतल्या काचेच्या खोलीत तिचं काम होत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याचा आवाज बंदच करून टाकला आहे. तिचं काम म्हणजे काचेच्या अलीकडे बसून पलीकडच्या माणसाच्या कानात बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आलं की बोट वर करा, एवढं एकच वाक्य ती दिवसभर बोलते. काही माणसं सूर ऐकूनही बोट वर करत नाहीत, आपल्याला खरंच ऐकू आलं का याची त्यांना खात्री नसते. आणि काही माणसं सूर सोडलेलाच नसताना बोट वर करतात. ती लबाड नसतात. ऐकू यावं असं त्यांना इतकं मनापासून वाटत असतं की त्यांचं बोट आपोआप वर जातं. कागदावर तिला ते चुकीचं म्हणूनच लिहावं लागतं. त्या दिवशी ती पुढच्या माणसाला हाक मारायला बाहेर आली आणि सहज तिची नजर टीव्हीवर गेली. कुठलीशी मालिका चालू होती. पांढरे केस लावलेली एक नटी कठड्याला हात धरून लाकडी जिना उतरत होती. जिना ओळखीचा वाटला, मग कठड्याचा तुटका गोळा दिसला, आणि तो तुटका कसा हे आठवायच्या आत त्या बाईने वळणाअलीकडच्या पायरीवर सगळा पाय दिला. हिचे खांदे आक्रसले, दातावर दात बसले. आता आवाज होणार आणि खाली झोपलेली आई जागी होणार. पण टीव्ही मुका होता. बाई उतरून गेली, साबणाची जाहिरात लागली. समोरचे आजोबा विचारत होते, "माझा नंबर का?" ती म्हणाली, "कोण उठलं?" आजोबा म्हणाले, "मीच उठलो. तुम्ही बोलावलंत ना?"

त्या पायरीचं नाव काका. तिच्या वडिलांना भाऊ नव्हता, त्यामुळे घरात काकांची जागा रिकामीच होती. ती पायरी पाय पडला की झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखी कुरकुरायची, म्हणून दादाने तिला त्या जागेवर नेमून टाकलं. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. वडील लवकरच गेलेले. आई सकाळी यायची, हातांना गरम वाफेचा आणि औषधाचा वास असायचा, जिन्याखालच्या खोलीत पडायची, आणि दिवसभर घर तिच्या झोपेभोवती चवड्यांवर चालायचं. शाळेतून आलं की खालूनच कुजबुजत विचारायचं, काका झोपलेत का? आईची झोप असं कोणी म्हणत नसे. आईसुद्धा म्हणायची, "काकांना न उठवता वर जा रे पोरांनो." त्या पायरीवरून लांब ढांग टाकून जाण्याची पायाला अशी सवय लागली की पुढे परक्यांच्या घरातले जिने चढतानाही तिचा पाय वळणाशी अडखळायचा. नवऱ्याला वाटायचं हिचा गुडघा दुखतो. त्याला काकांविषयी तिने कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात! एक पायरी. पण आता ती पायरी टीव्हीवर एका परक्या बाईच्या पायाखाली आली होती, आणि ती कुरकुरली की नाही हे काही केल्या कळत नव्हतं. रात्री तिने तोच भाग शोधून आवाज लावून पाहिला. जिन्यावरच्या त्या सगळ्या प्रसंगावर सनईसारखं काहीतरी रडकं वाजत होतं. त्याखाली एक पायरी काय, सगळं घर कुरकुरलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

त्या मालिकेच्या जागा दाखवणारी सहल निघते हे तिला त्याच शोधाशोधीत कळलं. एका दिवसात परिसर, वारसा, निसर्ग आणि पडद्यावर दिसलेली ठिकाणं. बस, टोपी आणि दुपारचं जेवण धरून. तिने एक जागा घेतली. नवरा म्हणाला, "माहेरी जायला गाईड लागतो का कोणाला?" ती म्हणाली, "माहेरी कुठे चाललेय? बघायला चाललेय." "दादाला फोन कर की." "कशाला? तिकीट काढलंय मी." नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. हा विषय सोडून द्यायचा असतो हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आई गेल्यापासून बहीणभावात बोलणं नव्हतं. भांडण झालं होतं असंही नाही. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं. आई आजारी पडली तेव्हा दादाने फोन केला आणि म्हणाला, "जमेल तशी ये." ती जमेल तशी गेली. म्हणजे सगळं आटोपल्यावर पोचली. घरात माणसं होती, खुर्च्या बाहेरून आणलेल्या होत्या. तिने दादाला जिन्यापाशी गाठून विचारलं, "आईने माझं नाव काढलं का रे?" दादाने तिच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "नाही," तो म्हणाला. "नाव नाही काढलं." मग तो खुर्च्या मोजायला निघून गेला. तेवढंच. तेवढ्यावर इतकी वर्षं निघाली. काचेपलीकडच्या माणसाने बोट वर केलं नाही की ती आवाज थोडा वाढवते, तरी नाही तर आणखी वाढवते. कोणाला अजिबातच ऐकू येत नाही असं ती सहसा मानत नाही. पण स्वतःच्या बाबतीत तिने ते दादाच्या एका शब्दावर मानून टाकलं होतं.

बसमध्ये सगळ्यांना पिवळ्या टोप्या मिळाल्या. गाईड म्हणजे एक तरतरीत मुलगी होती, माईक तोंडाला चिकटवून बोलायची, त्यामुळे तिचे निम्मे शब्द श्वासात जायचे. शेजारी एक मावशी बसल्या होत्या. मालिकेचा एकही भाग त्यांनी चुकवला नव्हता, आणि पलीकडच्या बाकावरच्या आपल्या यजमानांना त्या ओरडून ओरडून सगळं समजावत होत्या. "यांना ऐकू येत नाही हो," त्या म्हणाल्या. तिने यजमानांकडे पाहिलं. गाईडने जेवणाची वेळ सांगितली तेव्हा त्यांनी लगेच घड्याळ पाहिलं होतं. तिने काही निदान सांगितलं नाही. सुट्टीवर होती ती. बस तळ्याकाठी थांबली. गाईड म्हणाली, "हा आपला समुद्र." मालिकेत नायकाचं जहाज बुडतं तो समुद्र. पाणी संथ होतं, पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता, काठावर बदकं होती. ती ह्याच तळ्यात पोहायला शिकली होती. दादाने तिच्या पोटाखाली हात धरला होता आणि मग न सांगता काढून घेतला होता. "हात काढू नकोस हं," ती म्हणत राहिली आणि तो लांब काठावरून म्हणाला, "नाही काढत." मग सुताची जुनी गिरणी. तिथे आता वस्तुसंग्रहालय आहे, माग काचेआड उभे आहेत, आणि मालिकेत तो तुरुंग आहे. तिची शाळा न्यायालय झाली होती. जिथे तिला पाढे येत नाहीत म्हणून उभं केलं जायचं, त्या कोपऱ्यात आता आरोपीचा पिंजरा होता. मावशींनी पिंजऱ्यात उभं राहून फोटो काढून घेतला. "या, तुमचाही काढते." ती उभी राहिली. टेकड्या मात्र टेकड्याच होत्या. त्यांना कोणी काही सोंग दिलं नव्हतं. सगळं पाहताना तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याचं जरासं बरं वाटत होतं. आपण आलो ते बरं केलं. पाहुण्यासारखं पाहता येतं. असं पाहिलं म्हणजे कशाला हात लागत नाही. संग्रहालयात प्रत्येक मागाखाली लिहिलेलंच असतं, कृपया हात लावू नये.

"आणि आता," गाईड म्हणाली, "ज्याची सगळे वाट बघताय ते." मावशींनी यजमानांना ढोसलं. "आईचं घर आलं! ऐकलंत का? आईचं घर!" बस वळली. तिने टोपी कपाळावर ओढून घेतली. घराला निळसर रंग दिलेला होता, तो मालिकेचा. दारावरची पाटी कुठल्या तरी दुसऱ्याच आडनावाची होती. दारात दादा उभा होता. केस पार पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात, आणि अंगात एक मखमली बंडी, जी त्याने आपल्या इच्छेने जन्मात घातली नसती. "या, या मंडळी," तो म्हणत होता. "चपला काढू नका. मालिकेत कोणी काढत नाही." माणसं हसली. त्याने सगळ्यांच्या टोप्यांवरून नजर फिरवली, एखादा मास्तर वर्गावरून फिरवतो तशी, आणि आत वळला. ती सगळ्यांच्या मागे राहिली. आतला वास बदलला होता. रंगाचा, लाखेचा वास. आईच्या झोपेची खोली दिवाणखाना झाली होती, भिंतीवर परक्यांचे पूर्वज टांगलेले. दादाचं आख्यान सुरू झालं होतं. त्याचा आवाज आधी असा नव्हता. आता तो ठरलेल्या जागी वर चढवायचा, ठरलेल्या जागी थांबायचा, आणि थांबला की माणसं बरोबर हसायची. हे घर कोणी बांधलं, हे झुंबर कसं आणलं, ह्या खिडकीतून नायिका पत्र कशी टाकते. तिच्या मनात आलं, हा कोणाला तरी सांगतोय. घोकलेलं बोलतानाही माणूस कोणाला तरी उद्देशून बोलतो, नाहीतर आवाज असा पुढे जात नाही. मग तिला वाटलं, धंद्याची सवय आहे आपली, दिसेल त्याच्या आवाजात काहीतरी शोधायचं.

"आता जिना," दादा म्हणाला. सगळे पुढे सरकले. कठड्याचा तुटका गोळा तसाच होता. दादानेच तो फोडला होता, घसरगुंडी करताना, आणि आईला तिने सांगितलं होतं की माझ्याकडून झालं. का सांगितलं होतं कोण जाणे. "ह्या जिन्यावरून आई शेवटची खाली आली," दादाने सांगायला सुरुवात केली, आणि मावशींनी हात जोडले. "बरं नव्हतं. वरच्या खोलीत ठेवली होती, उजेड येतो म्हणून. संध्याकाळी म्हणाली मला खाली घे. धरून आणली. इथपर्यंत आली आणि बसली. इथे, ह्याच पायरीवर." त्याने जागा दाखवली, पण हाताने, पाय खालीच ठेवून. "बसली आणि म्हणाली, दाराला कडी घालू नकोस. ती उशिरा येईल. दमून येईल. आल्या आल्या तिला काही बोलू नकोस. आणि म्हणावं, काकांना न उठवता वर ये."

तो थांबला. ही थांबण्याची ठरलेली जागा नसावी, कारण कोणी हसलंही नाही, हळहळलंही नाही. मग मावशी म्हणाल्या, "अहो, असं नाहीये."

"काय नाहीये?"

"मालिकेत आई जिन्यावर काही बोलतच नाही. नुसती उतरते आणि खाली जाऊन पडते. सगळा भाग तोंडपाठ आहे माझा. आणि काका कुठून आले? मालिकेत सासरे आहेत, दोन मामा आहेत, तो मेला वकील आहे. काका नाहीतच!"

"नाहीत?" दादा म्हणाला.

"नाहीतच मुळी. विचारा यांना."

"काका नाहीत," यजमानांनी दुजोरा दिला. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

गाईड माईक बंद करून हसली. "ह्यांचं हे रोजचं आहे मावशी. किती वेळा सांगितलं, जे दाखवलंय तेच सांगा. पण प्रत्येक बसला हे काका घुसवतातच."

"प्रत्येक बसला?" हे तिच्या तोंडून निघालं. फार हळू निघालं, कोणी वळून पाहिलं नाही.

"सांगून ठेवलेलं बरं," दादा म्हणाला. "कोण कधी येईल नेम नाही." आणि त्याने घसा साफ करून पुन्हा ठरलेला आवाज लावला. "चला, वर चला. जपून हं, कठडा डगडगतो."

माणसं चढू लागली. ती शेवटची होती. तिला खालचं सगळं एकदम फार स्पष्ट दिसत होतं, बंडीच्या मखमलीवर पडलेला चुना, दाराची उघडी कडी, कडीच्या खाली चौकटीवर पडलेली अर्धगोल घासण. नाव नाही काढलं. खरंच नव्हतं काढलं. आई घरात कधी कोणाचं नाव घेत नसे. दादा म्हणजे तो, आणि ही म्हणजे ती. तो जेवला का, ती आली का. इतकी वर्षं तिने त्या उत्तराचा एकेक शब्द तपासला होता, आणि आपण प्रश्नच कसा विचारला होता ते कधी तपासलं नव्हतं. आणि दादाला त्या दिवशी जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर देण्याइतका राग आला होता. कशाचा राग? कडी रात्रभर उघडी ठेवून दाराशी बसावं लागल्याचा? तो बसला असणार. तळ्यात हात काढून घेऊन नाही काढत म्हणणारा माणूस तो, पण काठावरून हललाही नव्हता. तिने कठडा धरला आणि चढू लागली. पुढे मावशींची टाच होती, तिच्यावर भेगा होत्या. मावशी वळणाशी आल्या, त्या पायरीवर त्यांनी सगळा भार दिला. आवाज झाला नाही. त्यांच्या आधी चढलेल्या इतक्या माणसांच्या पायांनीही झाला नव्हता, हे तिला आता जाणवलं. जिना गप्प होता. सगळी बस त्याच्यावरून चढून गेली आणि कोणी उठलं नाही. हे तिच्या डोक्याला कळलं होतं. पण पायाला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिचा पाय उचलला गेला, त्या पायरीवरून लांब ढांग टाकून पुढच्या पायरीवर चवड्याने अलगद टेकला, मागचा पाय त्याच्यामागे आला. एवढ्या वयाची बाई, पिवळी टोपी घातलेली, चोरासारखी.

खाली दादाचं बोलणं बंद पडलं.

वर गाईड सांगत होती की ह्या खिडकीतून दिसणारा डोंगर खरा आहे. खुर्च्या सरकल्या, फोटो निघाले. ती वळणाशी तशीच उभी होती, पाठमोरी. मागे दादा चढू लागला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, डाव्या नाकपुडीतून शिट्टी वाजते त्याची, लहानपणापासून. पावलं एकेक पायरी येत होती, जड, म्हाताऱ्या माणसाची. मग एक पाऊल आलंच नाही. त्या जागी नुसती बंडी घासल्याचा आवाज आला, कठडा डगडगला, आणि तो तिच्या शेजारी, तिच्याच पायरीवर चवड्यांवर उभा होता, धापा टाकत.

दोघांनी खाली पाहिलं. वळणाअलीकडची पायरी नवी होती. लाकूड वेगळं, रंग मारून जुनं केलेलं.

"काका?" तिने विचारलं.

"गेले," दादा म्हणाला.

"कधी?"

"मालिका सुरू झाली त्याच आठवड्यात. आवाज टिपायला बसलेला तो पोरगा म्हणाला, बाई रडतात तेव्हा हे मध्ये मध्ये बोलतात. चालायचं नाही. सुतार आणला आणि काढून नेलं."

"आणि तू काढू दिलंस?"

"मी घरी नव्हतो गं. जमेल तसा आलो."

त्याने तो शब्द मुद्दाम काढला होता की आपसूक निघाला, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. तो चष्मा पुसत होता. मग म्हणाला, "टोपी काय घातलीस. शोभत नाही तुला."

"तिकिटात आहे."

मावशी वरून उतरत होत्या. त्या मध्येच थांबल्या. "कोण गेले हो?"

"काका," दादा म्हणाला.

"अगं बाई! खरंच होते म्हणजे?" मावशींचा हात गालावर गेला. "आणि मी आपली मघाशी काहीबाही बोलले. वय काय होतं?"

"घराएवढं."

"मग पिकलं पान म्हणायचं. तरी वाईट हे वाईटच." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याही नात्यातले?"

"आमचेच," ती म्हणाली.

मावशींनी यजमानांना हाक मारली आणि त्या दोघांना वाट करून देण्यासाठी बहीणभाऊ भिंतीला चिकटून उभे राहिले. सगळ्या टोप्या खाली गेल्या. बाहेरून गाईडचा आवाज आला, बस निघतेय, कोण राहिलंय? दादा ओरडला नाही, नुसता म्हणाला, "एक जण राहणार आहे म्हणावं," आणि हे सांगायला खाली कोणी नव्हतं. मग त्याने पायरीकडे बोट दाखवलं. "देऊन बघ पाय. मी अजून नाही दिला."

तिने कठडा धरला, एक पायरी खाली आली आणि त्या नव्या लाकडावर सगळा पाय दिला. मग दुसराही. सगळा भार. दादा मान तिरकी करून उभा होता. बाहेर बसचं इंजिन चालू झालं होतं, त्याच्या अलीकडे घर अगदी शांत होतं, जिन्याखालच्या खोलीत कोणी झोपलेलं असावं तसं.

"आलं का काही ऐकू?" दादाने कुजबुजत विचारलं.

तिने बोट वर केलं.